बाबुलालभाईंच्या चार हजार गाई

आमच्या पुढच्या खोलीतल्या संगणकाच्या वरच्या कडेला एक चिठ्ठी डकवलेली होती. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर जाड पेनाने मीच लिहिलेली: ‘बंद करू नये.’ घरी येणारा जो तो ती वाचायचा आणि हसायचा. दिवसभर पंखे बंद करा, नळ बंद करा म्हणून सगळ्यांच्या मागे लागणारी बाई या एकाच वस्तूला बंद करू देत नाही, याची गंमत वाटायची लोकांना. पण त्या संगणकात बाबुलालभाईंच्या गाई होत्या. चार हजार एकशे सव्वीस.

बाबुलालभाई मुलाणी. आमच्या वडगाव रासाईत आणि भीमेच्या पल्याड, दौंडकडच्या गावांतही, त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे. तसे ते डॉक्टर नव्हते. गाई भरवायचे. मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनचा डबा बांधलेला, डब्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. गाय माजावर आली की फोन जायचा, आणि पाऊण तासात भाई दारात. हात धुवायला गरम पाणी मागायचे, काम झालं की गाईच्या पाठीवर थोपटायचे आणि मालकापेक्षा आधी गाईला सांगायचे, “झालं गं बाई, झालं.” अशी सव्वीस वर्षं.

त्यांची खरी विद्या हातात नव्हती, डोक्यात होती. कुठल्या गाईला कुठल्या वळूची कांडी दिली, तिला कालवड झाली का गोऱ्हा, त्या कालवडीला पुढं काय दिलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. बापाचीच कांडी लेकीला गेली तर वासरू दुबळं निपजतं, दूध घटतं. हे पोथीतलं ज्ञान सगळ्यांना असतं, पण आपल्या गोठ्यातल्या कालवडीचा बाप कोण ते मालकालाही ठाऊक नसतं. भाईंना असायचं. कानातले बिल्ले पुष्कळ नंतर आले, आणि तेही झाडाझुडपात अडकून निम्मे पडतात. आमच्याकडे गाईंच्या नावांची तर बोंबच. दर दुसऱ्या गोठ्यात एक चंपी. म्हणून भाईंनी स्वतःची रीत काढली होती. औषधवाले वाटतात त्या खिशातल्या डायरीत ते गाईचं कपाळ काढायचे. पांढरा ठिपका असेल तर ठिपका, पट्टा असेल तर पट्टा, मोडका चांद असेल तर मोडका चांद. शेजारी दोन-तीन अक्षरं आणि एक आकडा. ती खूण दुसऱ्या कुणाला वाचता यायची नाही. त्यांच्या बायकोलासुद्धा नाही. इमामबी म्हणायच्या, “माझं कपाळ कवा काढलं न्हाई मेल्यानं, गाईंची मातर सव्वीस वह्या भरून.”

दोन वर्षांपूर्वी भाईंना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा. गाई भरवणं तिथंच संपलं. शिरूरच्या डॉक्टरांनी इमामबींना बाजूला घेऊन सांगितलं की नवं लक्षात राहणार नाही आणि जुनंही हळूहळू निसटत जाईल.

इमामबी ते मला सांगायला आल्या तेव्हा मी हरभरा निवडत होते. त्या खाली बसल्या आणि आपणही निवडायला लागल्या. मूठभर निवडून झाल्यावर म्हणाल्या, “वहिनी, अजून फोन येत्यात त्यांला. ह्या गाईचा बाप कोण, त्या गाईची आई कोण. फोन आला की माणूस ताठ बसतं. फोन थांबलं तर मी काय करू त्यांचं?”

त्यातून ते सुरू झालं. माझा पुतण्या सत्यजीत रांजणगावला कारखान्यात आहे. कॉलेजात असताना त्यानं प्रोजेक्ट म्हणून डेटाबेसचं एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. तेच त्यानं थोडं बदलून आमच्या घरातल्या संगणकावर घालून दिलं. गाईचं नाव, मालक, गाव, आई, बाप, कुठल्या तारखेला कुठली कांडी. मग रोज सकाळी दहाला भाई काठी टेकत यायचे, पलंगावर डायरी उघडून बसायचे, डाव्या हाताचं बोट कपाळावर ठेवायचे आणि सांगायचे. मी टाईप करायची.

“ही भांडगावच्या ज्ञानेशची तांबडी. हिची आई सासऱ्यानं आणली बेल्ह्याच्या बाजारातनं. लई मारकी. मला एकदा शेणात पाडलं हुतं.”

“शेणात पाडलं ते लिहायचं का, भाई?”

“लिवा की. वळण कुठनं आलं ते कळाय पायजे पुढल्याला.”

नऊ महिने लागले. माझ्या सासूबाई, साळूबाई, ओसरीवरून टोमणे मारायच्या. “माझ्या लेकाच्या लग्नाची पत्रिका लिहिताना एवढी माहिती न्हवती काढली कुणी.” भाई आतून ओरडायचे, “मावशी, माणसाचं काय, कुणाचं बी कुणाशी खपतंय. गाईचं न्हाई खपत.”

शेवटची डायरी संपली तेव्हा इमामबींनी शिरखुर्मा पाठवला. ईद नव्हती, काही नव्हतं. आणि खरंच फोन वाढले. कवठे येमाईवरून यायचे, पार पाटसवरून यायचे. फोन भाईच उचलायचे. पलीकडचं ऐकून घ्यायचे, मग फोन छातीशी धरून मला हळूच सांगायचे, “वहिनी, ज्ञानेशची तांबडी काढा.” मी काढायची. ते पडद्याकडे बघून उत्तर द्यायचे, जणू आठवूनच सांगताहेत. त्यांना आता आपणहून फारसं आठवत नव्हतं, पण हे आमच्या दोघांतच होतं.

गडबड श्रावणात झाली. एका दुपारी भाई गेल्यावर मी सॉफ्टवेअर बंद करायला गेले तर पडदा पांढरा झाला, बाण गोल गोल फिरत राहिला आणि इंग्रजीत एक ओळ आली की हा प्रोग्रॅम अचानक थांबला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर ‘फाईल दुरुस्त करावी लागेल’ असं म्हणालं. हो म्हटलं. उघडली, पण आदल्या दिवशी फोनवरून कळून भरलेल्या नव्या नोंदी नव्हत्या. मला वाटलं माझंच काही चुकलं. चार दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी तीन दिवसांच्या नोंदी गेल्या. चालू असताना कसलाही त्रास नाही. उघडताना नाही, शोधताना नाही. बंद करायला गेलं की मरायचं.

सत्यजीतला फोन लावला. तो पाळीवर होता, मागे यंत्रांचा धडधडाट.

“काकू, बंद करताना नेमकं काय दिसतं?”

“पांढरं.”

“पांढरं म्हणजे? काही नंबर येतो का?”

“येतो, पण वाचेपर्यंत जातो.”

त्यानं फोनवरून मला काय काय करायला लावलं. प्रिंटरची वायर काढा, मग बंद करून बघा. व्हायरसचं औषध थांबवा, मग बंद करून बघा. शिफ्टचं बटन दाबून ठेवा आणि उघडा. आणि दर ‘बंद करून बघा’ला थोडं थोडं काहीतरी जायचं. शिरूरहून रविराजला बोलावलं. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “काकी, फॉरमॅट मारू का? एकदम नव्यासारखा पळंल.”

भाई पलंगावरून म्हणाले, “पळायचं कुठं हाय तिला?” भाई संगणकाला ‘ती’च म्हणायचे.

“आणि आतल्या गाई?” मी विचारलं.

“कसल्या गाई?” रविराज म्हणाला. मी त्याला चहा देऊन परत पाठवला.

शेवटी सत्यजीत म्हणाला, “काकू, असं करा, बंदच करू नका. इन्व्हर्टर आहे ना? नुसता पडदा बंद करत जा. आणि रोज पेन ड्राइव्हवर एक कॉपी काढून ठेवा. मी सुट्टीत येऊन बघतो.” सुट्टी काही निघेना. कारखान्यात ऑर्डरी आल्या होत्या.

म्हणून ती चिठ्ठी. एकसष्ट दिवस आम्ही तो संगणक जागा ठेवला. दुपारी देवघरातलं आवरून झालं की मी न चुकता नक्कल काढायची. कालची पुसायची, आजची ठेवायची. एका घरात दोन दिवसांचं शिळं कशाला, ही माझी सवय. सत्यजीतनं ‘कॉपी ठेवा’ एवढंच सांगितलं होतं. जुन्याही ठेवा असं सांगितलं नव्हतं, आणि उघडी असलेली फाईल अशी उचलून ठेवली तर ती अर्धवट उतरू शकते हेही नाही. मीही कधी ती पेन ड्राइव्हवरची उघडून बघितली नाही. आपण डब्यात लोणचं भरलं की दर दिवशी झाकण उघडून बघत नाही ना, तसंच.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला औतफाटा, कोयते, खुरपी, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर सगळं धुऊन पुसून पुजतात, आणि त्या दिवशी त्यातल्या कुणालाही राबवत नाहीत. सासूबाईंचा यात मोठा कटाक्ष. मिक्सरसुद्धा चालवू देत नाहीत. चटणी पाट्यावर. आणि गेली वीस-बावीस वर्षं आमच्या पूजेच्या पाटावर भाईंची कांडी सोडायची नळीही असते. लांब, स्टीलची. सासूबाईंचं म्हणणं असं की आपल्या गोठ्यातली बारा गुरं त्या नळीनं आली, मग तिला हळदकुंकू नको का? भाई दर वर्षी ती स्वच्छ उकळून, पांढऱ्या रुमालात गुंडाळून आणून द्यायचे. हात थकला तरी त्यात खंड पडला नव्हता.

सासूबाईंना मी आदल्या दिवशीच बजावलं होतं. “संगणकाला हार घाला, कुंकू लावा, पण बटनाला हात लावू नका.” त्यांनी माझं अक्षर न् अक्षर ऐकलं. झेंडूचा चांगला जाड हार केला आणि पडद्यावरून सोडला. त्या हाराखाली माझी चिठ्ठी झाकली गेली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

मी आत कडाकण्या तळत होते. भाई आले ते चपलांच्या आवाजावरून कळलं. एक पाय पडायचा, एक घासायचा. नळी सासूबाईंच्या हाती दिली. मग त्यांचा आवाज आला.

“मावशी, टॅक्टर बंद, मोटर बंद, वहिनींचा मिक्सर बी बंद. आन् ह्या बिचारीलाच का जुपून ठिवलंय?”

सासूबाई हसल्या. “तुझ्याच गाईंपायी जुपलीय, बाबुलाल.”

“मग एक दिस तिला बी इसावा नको व्हय?”

मलाही हसू आलं. तेल तापलं होतं, मी उठले नाही.

यंत्र कसं बंद करायचं हे भाईंना मीच शिकवलं होतं, अगदी सुरुवातीला. वायर उपटायची नाही. आधी कोपऱ्यातली फुली दाबायची, मग खाली जाऊन बंद म्हणायचं. पुढच्या दोन महिन्यांत काय झालं, बंद का करायचं नाही, हे मी त्यांना रोज सांगत होते. ते रोज मान डोलवत होते आणि ते रोज निसटत होतं. आणि चिठ्ठी दिसत नव्हती. त्यांनी हार जरा बाजूला सारला, डाव्या हातानं बाण फुलीवर नेला आणि दाबला. अगदी मी शिकवलं तसंच.

“वहिनी,” भाईंची हाक आली, “ही पांढरी पडली.”

झारा तसाच कढईत टाकून मी बाहेर आले. बाण फिरत होता. कितीतरी वेळ फिरला. मग इंग्रजीतली ती ओळ आली. मी पुन्हा उघडायला गेले तर दुरुस्तीचंही विचारलं नाही. फाईल ओळखताच येत नाही म्हणाली. पेन ड्राइव्ह लावला. त्यावरची नक्कलसुद्धा उघडेना. भाई माझ्या मागे उभे होते, काठीवर डावा हात ठेवून. माझ्याकडे बघत राहिले, आणि माझ्या तोंडावरनं त्यांना काय कळायचं ते कळलं असणार.

कडाकण्या जळल्याचा वास आल्यावर सासूबाई आत धावल्या.

सत्यजीत दुपारी आला. कपाळावर गंध, हातात कारखान्यात वाटलेला पेढ्याचा पुडा. “आमच्याकडं पण आज सगळ्या मशिनी बंद करून पूजा झाली,” असं बोलत चप्पल काढली आणि आमची तोंडं बघून पुडा बाजूला ठेवला. चार तास बसला. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला त्याला रोग सापडला. फाईल बंद होताना तिच्यातली मोकळी जागा दाबून काढायची आणि ती लहान करायची, अशी एक सोय असते. तिच्यापुढं बरोबरची एक खूण होती. फाईल मोठी झाली होती, दाबताना मधेच मोडत होती आणि अर्धी जुनी, अर्धी नवी अशी उरत होती. ती खूण काढली असती तर एकाही दिवसाची नोंद गेली नसती.

“कुणी केली होती ती खूण?” सासूबाईंनी विचारलं.

सत्यजीत म्हणाला, “मीच, आजी. कॉलेजात असताना. सरांनी सांगितलं होतं, करून ठेवा, फाईल हलकी राहते.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “काकू, एक टिकची गोष्ट होती. फोनवर सांगितलं असतं तरी तुम्ही काढली असती. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

त्याला काय बोलणार? नकला मी पुसल्या होत्या. चिठ्ठीवर हार आमच्या घरचा होता.

त्यानं ओढून ताणून काय निघेल ते काढलं. गाईंची यादी निघाली. नाव, मालक, गाव. बाकीचे कप्पे रिकामे. चंपी, वडगाव रासाई, आई नाही, बाप नाही. चंपी, कवठे येमाई, आई नाही, बाप नाही. अशा चार हजारावर. सगळ्या पोरक्या. पुढं दिवाळीनंतर रविराजनं संगणकाचा डबाही पुण्याला पाठवून बघितला. पंधरा दिवसांनी तो परत आला, बरोबर तीच यादी.

“डायऱ्या आहेत की,” सासूबाई त्या संध्याकाळीच म्हणाल्या होत्या. “एकदा लिवलं तसं पुन्हा लिवा. नऊ महिनं लागलं, आणखी नऊ लागतील.”

मलाही तेच वाटलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाई सव्वीसच्या सव्वीस डायऱ्या फडक्यात बांधून घेऊन आले. इमामबी गाठोडं धरून बरोबर. मी नवं पान उघडून बसले. भाईंनी पहिली डायरी काढली, पहिल्या कपाळावर बोट ठेवलं. मोडका चांद, डावीकडे एक ठिपका. शेजारी ‘प खा ७’.

“हां,” भाई म्हणाले. “ही…”

मी वाट बघत होते. बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू करत होतं, तो तीनदा गुरगुरला आणि चालू झाला.

“ही…” त्यांनी पान उलटलं. दुसरं कपाळ. तिसरं. मग भरभर दहा-बारा पानं. मग डायरी तिरकी धरली, उजेडाकडे धरली. शेवटी माझ्यापुढं केली.

“वहिनी, अक्षर माझंच हाय ना हे?”

“तुमचंच आहे, भाई.”

“मग मला का येईना?”

इमामबींनी डायरी त्यांच्या हातातून काढून घेतली, पदरानं पुसली आणि फडक्यात ठेवली. डायरीला धूळ नव्हती. “उद्या बघू,” त्या म्हणाल्या. “आज जिवाला बरं न्हाई त्यांच्या.” दीड वर्षापूर्वी त्याच पानावर बोट ठेवून त्यांनी मला गाईच्या पणजीपर्यंत सांगितलं होतं. त्यातलं मला काय आठवतंय म्हणून मीही डोकं खाजवलं. मला एवढंच आठवलं की कुणीतरी त्यांना शेणात पाडलं होतं. ती तांबडी ज्ञानेशची. तिला कुठली कांडी दिली होती, ते नाही.

आणि नेमका ज्ञानेशचाच फोन आला, चार-पाच दिवसांनी. भाईंनी उचलला, ताठ बसले. फोन मोठ्यानं बोलायचा, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

“भाई, तांबडीची कालवड माजावर आलीय. नवा डॉक्टर आलाय, विश्वजीत म्हणून. त्यो विचारतोय, बाप कोण हिचा?”

भाईंनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं. “वहिनी, ज्ञानेशची तांबडी काढा.”

मी काढली. तांबडी, भांडगाव. पुढं कोरं. भाई त्या कोऱ्या कप्प्यांकडे बघत राहिले, एकेकावर नजर नेली. मग फोन पुन्हा कानाला लावून म्हणाले, “आज यंत्राला सुट्टी हाय. उद्या कर फोन.”

“आता गं बया,” ज्ञानेश हसला. “माज उद्यापतुर थांबतोय व्हय, भाई? तुम्हीच शिकिवलंय. ऱ्हाऊ द्या, घालतो कंची बी.”

ज्ञानेशनं पुन्हा फोन केला नाही. चांगला माणूस आहे तो, भाईंच्या तब्येतीला दोनदा येऊन गेला. पण कालवडीचं विचारलं नाही त्यानं, आणि इतरांनीही हळूहळू विचारायचं सोडलं. लोकांना वाईट वाटत होतं, म्हणूनच विचारत नव्हते. विश्वजीत सगळं मोबाइलमध्ये भरतो. पोरगा हुशार आहे. एकदा मुद्दाम येऊन भाईंच्या पाया पडून गेला. भाईंनी त्याला डायऱ्या दाखवल्या. त्यानं कपाळांची चित्रं बघितली, दोन-तीन पानांचे फोटो काढले आणि म्हणाला, “लय भारी, चाचा.” पुढं काय करायचं ते त्यालाही सुचलं नाही.

मी घरोघरी जाऊन विचारून बघितलं. हे कपाळ तुमच्या गाईचं का? बायका ओळखायच्या. “अगं बया, ही आमची गंगी!” म्हणून डोळ्याला पदर लावायच्या. पण गंगी जाऊन बारा वर्षं झालेली, आणि तिचा बाप कोण हे तिच्या मालकिणीला विचारून काय उपयोग? चाळीसएक कपाळं ओळखली गेली आणि मी थांबले.

आता मार्गशीर्ष सुरू आहे. भाई अजून दहाला येतात. पलंगावर बसतात, फोन शेजारी ठेवतात. पूर्वी सकाळभरात पंधरा-वीसदा वाजायचा. आता एकदा वाजतो, बारा वाजता, आणि तो इमामबींचा असतो. “जेवायला येताय ना?” भाई ताठ बसून उचलतात.

चिठ्ठी मी काढून टाकली. डिंकाचा पिवळा डाग राहिलाय, तो काही जात नाही. सत्यजीतनं ती खूण काढल्यापासून सॉफ्टवेअर एकदाही अडकलेलं नाही. निघताना भाई रोज विचारतात, “बंद करू का?” आणि मी म्हणते, “करा.” ते डाव्या हातानं बाण फुलीवर नेतात. खिडकी पटकन मिटते. मग खाली जाऊन बंद म्हणतात, आणि पडदा काळा होईपर्यंत उभे राहतात.

काल असाच पडदा काळा झाला. भाई म्हणाले, “बघा वहिनी. आता काय तरास देत न्हाई.”

“नाही देत.”

ते काठी घेऊन दारापर्यंत गेले. एक पाय पडला, एक घासला. उंबऱ्याशी थांबले, पण मागं वळले नाहीत.

“आत काय ऱ्हायलं न्हाई, म्हणून ना?”

“भाई,” मी म्हटलं, “चहा टाकलाय. घेऊन जा.”

चहा टाकलेला नव्हता. ते परत येऊन बसले, आणि मी आत जाऊन गॅस पेटवला.